तारीख विचारणारी सिस्टर

‘तारीख?’

बाई भेटली की ती एवढंच विचारायची. राम राम नाही, बरं आहे का नाही, पोरं काय म्हणतात नाही. एसटीतून उतरायची, खांद्यावरची पिशवी सावरायची आणि समोर जी बाई दिसेल तिच्या अंगावर हा शब्द फेकायची. तोही हळू नाही. स्टँडवर गडीमाणसं तंबाखू मळत बसलेली, म्हाताऱ्या बसलेल्या, शाळेच्या पोरी उभ्या. हिला कुणाचं काय! ‘अगं, पाळीची तारीख सांग की, तोंडात काय गुळणी धरलीस?’ आम्ही पदर तोंडाला लावून बोळात सटकायचो. मागून तिचा आवाज यायचाच, ‘पळ, पळ! तू तेराची आहेस, आज एकोणीस झाली. मला सगळं माहितीय!’

आणि खरंच माहीत असायचं. गावातल्या झाडून सगळ्या बायकांच्या तारखा तिच्या डोक्यात होत्या. वहीबिही काही नाही. कुणाची चुकली, कुणाची लवकर आली, कुणाची आठ दिवस थांबली नाही, सगळं तोंडपाठ. नवऱ्याला आपली बायको कोणत्या महिन्यात जन्मली हे सांगता येत नाही अशा गावात ही परकी बाई आमच्या पोटातलं कॅलेंडर घेऊन फिरत होती. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. आम्हाला तिचा वैताग होता.

आमच्या गावच्या उपकेंद्रात ती नर्स होती. श्रीरामपूरची, ख्रिस्ती. नावानं तिला कुणी हाक मारली नाही, मीही आता नाव घेत नाही. तोंडावर ‘अहो सिस्टर’, पाठीमागं ‘ती’. मी आजपण ‘ती’च म्हणणार. तिला अहो-जाहो करायचा माझा हक्क मी घालवलाय, कसा ते सांगते. अंगानं काटकी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पायात पुरुषी सँडल आणि बारा महिने हातात छत्री. पाऊस आमच्याकडं पडतो किती आणि छत्री कशाला, असं कुणी म्हणलं तर म्हणायची, ‘कुत्र्यांना आणि सरपंचाला.’

गाव आमचं शिंगणापूरच्या रस्त्याला. रस्त्याच्या कडेला आमच्या सासरच्यांचं दुकान, मागं घर. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, नारळ, काळं कापड. शनिवारी आणि अमावस्येला गाड्यांची रीघ लागते. बाकीचे दिवस माळा ओवण्यात जातात. माझे मालक सुप्याला कंपनीत कामाला, सुट्टीपुरते घरी यायचे. दुकान बघायचे सासूबाई, धाकटा दीर आणि आम्ही सुना.

आता देवाचं सामान म्हणल्यावर त्या चार दिवसांत बाईनं दुकानात पाऊल टाकायचं नाही. हा काही देवानं सांगितलेला नियम नव्हे, आमच्या सासूबाईंचा. मागच्या पडवीत पत्र्याखाली बसायचं, वेगळं ताट, वेगळी गोधडी. मी लग्न होऊन आले ती हेच करत आले. वाईट वाटायचं का? खरं सांगू का, नाही वाटायचं. चार दिवस कुणी हाक मारत नाही, माळा नाहीत, भाकरी नाहीत. पाठ टेकायला तेवढीच जागा होती.

सिस्टर घरी पहिल्यांदा आली तेव्हा मी तशीच पत्र्याखाली बसलेली होते. सासूबाईंनी चहा ठेवला. ती म्हणाली, ‘चहा मी हिच्या हातचा घेईन.’

‘तिची अडचन हाय वो.’

‘म्हणूनच.’

‘मग ऱ्हाऊ द्या चहा,’ सासूबाई म्हणाल्या. ही उठली आणि गेली. त्यानंतर जेव्हा जेव्हा आली तेव्हा तिचं हेच. ज्या घरात जी बाई बाजूला बसलेली असेल तिनं चहा केला तर घेईन, नाहीतर नको. अख्ख्या गावात तिला वर्षातून चार कप चहा मिळाला असेल. आणि आमच्या घरी तिचा कप तसाही बाजूलाच ठेवलेला होता, न्हाणीच्या कोनाड्यात. तिचे आजे-पणजे कुठल्या वस्तीतून ख्रिस्ती झाले हे सासूबाईंना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. घरात दोनच भांडी वेगळी, तिचा कप आणि माझं ताट. हे तिच्या ध्यानात आलं होतं, माझ्या आलं नव्हतं. मला तिचा रागच आला, केलेला चहा ओतून द्यावा लागला म्हणून.

घरात शिरली की आधी मागल्या दारी जायची. ‘दोरी दाखवा.’ गोठ्यात, अंधारात, परकराखाली दडवून वाळत घातलेली फडकी ओढून काढायची आणि अंगणातल्या दोरीवर, रस्त्याला तोंड करून टांगायची. ‘उन्हात वाळवा गं. ऊन फुकट आहे, तेही चोरून घेताय होय?’ एकदा सरपंचाच्या ओट्यावर गडीमाणसांची बैठक बसलेली. हिनं घरातून सुनेची चार फडकी आणली आणि बैठकीच्या डोक्यावरच्या तारेला लावली. सरपंच वर बघेना, खाली बघेना. ही छत्री आपटत म्हणाली, ‘चालू द्या तुमचं, ठराव करा.’ गावातल्या बायका आठ दिवस हसत होत्या, नळावर, दळणाला. आणि दुसऱ्या दिवशी फडकी परत गोठ्यात. आमचं हसणं तेवढंच.

सरकारी पॅडची पाकिटं कधीमधी यायची. त्याच्यातही तिनं आपला नियम काढला. पाकीट बाईला द्यायचं नाही. तिच्या घरच्या गड्यानं उपकेंद्रात यायचं आणि तोंडानं मागायचं, मोठ्यानं. ‘माझ्या बायकोसाठी पॅड द्या,’ एवढं वाक्य पुरं. इशारा केला, मान हलवली तर देत नसे. सगळ्या गावातून तीन-चार गडी आले असतील. बाकीच्या बायका फडक्यावरच राहिल्या आणि पाकिटांच्या खोक्याला उपकेंद्रात उंदीर लागले.

मी एकदा बोलले तिला. म्हणलं, ‘सिस्टर, तुमच्या हट्टापायी बायकांचे हाल होतात.’

‘होऊ देत,’ ती म्हणाली. ‘ज्याला पॅड मागायची लाज वाटते तो उद्या बायकोला रक्त जात असताना दवाखान्यात काय सांगणार आहे? मुकाट्यानं डॉक्टरच्या हातात देऊन बाहेर बिडी ओढत बसणार.’

तिचं चुकत होतं. आजही मी म्हणेन, चुकत होतं. गड्यांना शिकवण्यासाठी बायकांचे हाल करायचे हा कुठला न्याय? माझ्या मालकांना तिनं सुट्टीच्या दिवशी स्टँडवर गाठलं आणि चारचौघांत ते वाक्य म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं, पाकीट घेतलं, घरी आले, माझ्या अंगावर भिरकावलं आणि सुप्याला परत जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या दोन सुट्ट्या घरीच आले नाहीत. ते माझ्या मनात राहिलं, किती राहिलं ते मला पुढं कळलं.

पण तिची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती उणीदुणी काढतेय. एका शनिवारी गाडीतून उतरून एक लांबची बाई आमच्या दुकानात आली, पांढराफटक चेहरा, मागून साडी धरलेली. सासूबाईंना कानात काहीतरी म्हणाली. सासूबाई दोन पावलं मागं सरल्या, ‘इथं तसलं काय मिळत न्हाई, देवाचं दुकान हाय.’ सिस्टर रस्त्यानं चालली होती. तिनं बघितलं, बाईला आमच्याच न्हाणीत नेलं, पिशवीतून पाकीट काढून दिलं. मग दुकानासमोर उभी राहिली. ‘हजारो बायका या रस्त्यानं जातात. एक खोकं ठेवा इथं.’

‘देवाच्या सामानात?’

‘देवाला जाणाऱ्या बायकांच्या वाटेवर.’

सासूबाईंनी ठेवलं नाही. रसवंतीवाल्यानं ठेवलं नाही, नारळवाल्यानं नाही. शेवटी पंक्चरवाल्या चाचांनी ठेवलं. काळवंडलेली टपरी, बाहेर पाण्याची घमेली, आत टायर, ट्यूब आणि त्याच्या शेजारी पॅडची पाकिटं. कोण बाई अवघडून उभी राहिली की चाचा मान वर न करता हात मागं करायचे आणि पाकीट पुढं धरायचे. लोक त्यांना काय काय म्हणायचे, इथं सांगत नाही. त्या सगळ्या रस्त्यावर बाईची सोय एका पंक्चरच्या टपरीत होती, आणि आमच्या दुकानात होता धूप.

आणखी एक. धीर द्यायला म्हणूनसुद्धा ती खोटं बोलायची नाही. गावातल्या एका मावशीला छातीत गाठ होती, लई दिवसांची. तिनं विचारलं, ‘बरी होईन न्हवं वो मी?’ ही म्हणाली, ‘नाही. उशीर केलात. पण दुखणं कमी करता येईल, उद्या माझ्याबरोबर चला.’ मावशीच्या सुना सिस्टरच्या अंगावर धावल्या. कसली ही जिभेला हाड नसलेली बाई! ती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मावशीला घेऊन गेली, आणि शेवटपर्यंत नेत राहिली.

आता गोळ्यांचं सांगते.

आमच्याकडं सगळ्याच घरांत त्या गोळ्या आहेत. सत्यनारायण आहे, गौरी आहेत, लग्न आहे आणि नेमकी त्याच दिवसांत बाईची पाळी येतेय, मग मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या. कुणी चिठ्ठी मागत नाही. आमच्या घरात त्या अमावस्येला लागायच्या. गर्दीच्या वक्ताला हात कमी पडायला नको. मीही घेतल्या, पण मला उलट्या व्हायच्या, तेव्हा सासूबाईंनी माझा नाद सोडला. मग घरात धाकटी जाऊ आली, अश्विनी.

अश्विनी शेवगावकडची. आली तेव्हा एकोणीसची. बोलायला अशी की पाणी मागायला थांबलेल्या गाडीला तेल, माळ आणि नारळ घेऊन पाठवायची. गुजराती आले तर चार शब्द गुजराती, हैदराबादचे आले तर हिंदी. दीर तर नुसता बघत बसायचा. मला ‘ताई, ताई’ करून घर डोक्यावर घ्यायची. दोन पोरं झाली, एक मुलगी, एक मुलगा, आणि दुसरं वरचं दूध पितं झालं तशी ती परत दुकानात उभी राहिली. अशी चलाख बाई अमावस्येला पत्र्याखाली बसलेली कुणाला परवडणार?

म्हणून दर महिन्याला गोळ्या. अमावस्येच्या आधी सुरू, गर्दी सरली की बंद. कधी शनिवार जोडून आला की आणखी चार दिवस. दीड-दोन वर्षं हे चाललं. गोळ्या मी आणायचे. हे नीट ऐका, मी आणायचे. सासूबाई म्हणायच्या, ‘जा गं, तिच्या गोळ्या संपल्या,’ आणि मी पिशवी घेऊन जायचे.

सिस्टरच्या हाताला एकदा ते पाकीट लागलं. ‘कोण आणतं हे?’ मी म्हणलं, मी. तिनं एकेक गोळी फोडून मोरीत टाकली, माझ्याकडं बघत. ‘हे औषध आहे बाई. तुमच्या गर्दीच्या सोयीसाठी केलेलं नाही. हिचं शरीर गोंधळून जाईल, मग आवरता येणार नाही.’ मी संध्याकाळी दुसरं पाकीट आणलं.

आणि तिचं शरीर गोंधळलं. अश्विनीची पाळी आली ती थांबेना. दहा दिवस, पंधरा दिवस, वीस दिवस. मध्ये चार दिवस बंद, परत सुरू. ओठ पांढरे, जिना चढली की धाप. आता ती महिन्यातले वीस दिवस पत्र्याखाली. दुकानात कोण? मी. स्वैपाक कोण? मी. तिची पोरं, माझी पोरं, माळा, पाणी, सासूबाईंची जीभ, सगळं माझ्या डोक्यावर. पहाटेपासून उभी, कंबर मोडायची वेळ आली.

दिरानं तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं मशीन लावलं आणि सांगितलं, गर्भाच्या पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका. कॅन्सर म्हणल्यावर दीर रडायलाच लागला. सासूबाई रडल्या नाहीत. ‘दोन लेकरं झाली. आता पिशवी काय पूजेला ठेवायचीय? काढा म्हनावं, रोजची किरकिर मिटंल.’ तेवीस वर्षांची होती अश्विनी.

सिस्टर दुपारी आली आणि पडवीत पत्र्याखाली तिच्यासमोर मांडी घालून बसली. मीही होते. म्हणाली, ‘हे बघ. कॅन्सरबिन्सर काही नाही. तुझं गोळ्यांनी झालंय. गोळ्या बंद, लोहाच्या गोळ्या सुरू, आणि नगरला मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी मी बोललेय, त्या तपासतील. तीन महिने दे मला. पिशवी काढली, तिच्याबरोबर अंडाशयं गेली, तर या वयात हाडं झिजतील, अंगाची आग होईल, म्हातारी होशील पोरी. सांग, काढायचीय तुला?’

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ‘मला न्हाई काढायची. मला लई भ्या वाटतं. पन माझं कोन ऐकनार?’

‘सही तुझी लागते. तू नाही म्हणालीस तर कुणाच्या बापाला कापता येणार नाही. पण एकटीला नाही म्हणता येत, मला ठाऊक आहे. मी शेजारी पाहिजे.’ मग ती माझ्याकडं वळली. ‘हिचा मोबाईल नवऱ्याकडं असतो. तुझ्याकडं तुझा आहे. ज्या दिवशी हिला गाडीत घालतील त्या दिवशी मला फोन लावायचा. मी असेन तिथून येते. गाडीला आडवी पडेन. लावशील?’

मी म्हणलं, ‘लावीन.’

पहिला महिना बरा गेला. विसाचे बारा दिवस झाले. दुसऱ्या महिन्यात एकदा परत जास्त गेलं आणि अमावस्या चार दिवसांवर आली. मंगळवारी सकाळी दिरानं गाडी दारात आणली. सासूबाईंनी तिची पिशवी भरून ठेवलेली होती. अश्विनी उंबऱ्यात आली तेव्हा तिला कळलं. पोरगा तिच्या कडेवर होता, तो सासूबाईंनी घेतला. ती माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, सिस्टरला फोन लावा.’

गाडी गेली. फोन माझ्या हातात होता. सिस्टरचा नंबर काढलेला होता, बोट ठेवायचं बाकी. सिस्टर त्या वेळी उपकेंद्रात पोरांना लस टोचत होती, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरं रडत होती ते मला ऐकू येत होतं.

मी नाही लावला.

लोकांना सांगायला मी पुष्कळ कारणं तयार केली होती. सासूबाई समोर होत्या. चार्जिंग नव्हतं. खोटं. सासूबाई आत पोराला घेऊन बसल्या होत्या आणि चार्जिंग भरपूर होतं. माझ्या मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, काढली तर काढली, मरत तर नाही. एकदाचं मिटेल. आठ-पंधरा दिवसांत उठून दुकानात बसेल आणि माझी कंबर मोकळी होईल. आणि असंही आलं, की बघू आता ही शहाणी काय करते, माझ्या नवऱ्याला चारचौघांत लाजवते! एवढंच होतं. एवढ्यासाठी मी फोन कनवटीला खोचला आणि माळा ओवायला बसले.

आठवड्यानं अश्विनीला घरी आणलं. त्या दवाखान्यात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती, ते तिला विचारलंही नव्हतं. सही तिची घेतली होती. चौघं भोवती उभी राहिली, तिनं केली. सिस्टरला उपकेंद्राचं काम बघणाऱ्या गावातल्या आशाताईकडून कळलं आणि ती आली. त्या दिवशी मागल्या दारी गेली नाही. सरळ अश्विनीच्या पलंगापाशी जमिनीवर बसली. मी दारात उभी. अश्विनी तिला म्हणत होती, ‘तुमी येनार हुतात. मी वाट बघितली वो. सही करस्तवर बघितली.’ सिस्टरनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘पाणी आण.’

मी पाणी घेऊन आले तोवर बोलणं संपलेलं होतं. अश्विनी भिंतीकडं तोंड करून रडत होती. सिस्टर उठली, पाणी प्यायली नाही, माझ्या अंगावरून निघून गेली. सरपंचाला सोडायची नाही ती बाई मला एक अक्षर बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या, छत्री हाणली असती तर बरं झालं असतं. पुढं स्टँडवर भेटायची, माझ्या शेजारच्या बाईला तारीख विचारायची, तिच्या शेजारचीला विचारायची. मला गाळून पुढं जायची. मला पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

मला वाटलं, सांगितलं असणार हिनं सगळं अश्विनीला. आता ही कधी तोंड उघडते याची मी वाट बघत बसले. महिना गेला, वर्ष गेलं. अश्विनी काहीच बोलेना. उलट जास्तच ताई ताई करायला लागली. माझ्या पोरीच्या वेण्या घालायची, मला ताप आला तर माझे पाय दाबायची. मी म्हणायचे, पोटात ठेवून बसलीय, मला भाजून काढायचा हिचा हा प्रकार असेल. तिनं पाय दाबले की मला घाम फुटायचा.

आणि तिचं काय झालं? सिस्टर म्हणाली होती तेच. चोविसाव्या वर्षी अंगातून वाफा. माघ महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसलेलो आणि ही खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेतेय. गुडघे धरले, उठताना तेलाच्या पिंपाला धरून उठते. केस गेले. गिऱ्हाईक मला ‘ताई’ म्हणतं आणि तिला ‘मावशी’, मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी. ते चार दिवसही गेले तिचे. पत्र्याखाली पाठ टेकायची ती तेवढीच जागा होती, तीही गेली. आता महिन्याचे तीस दिवस दुकानात. सासूबाई खूश. पाव्हण्यारावळ्यांना सांगायच्या, ‘आमच्या धाकटीचं काढून टाकलं, कसली झंझट न्हाई.’ त्यांचं ऐकून गावातल्या आणखी तिघींनी काढून आणलं. सिस्टर त्या तिघींच्याही दारात जाऊन भांडली. शेवटी गावानं अर्ज केला, नर्स बायकांची अब्रू घेते, चारचौघांत नको ते विचारते. बदली झाली. तिची उपकेंद्रातली ट्रंक एसटीत चढवायला पंक्चरवाले चाचा एकटे होते. मी दुकानातून बघत होते.

मग ती निवृत्त झाली, श्रीरामपूरला राहायची, एवढं ऐकून होते. गेल्या वर्षी आशाताईचा फोन आला, ती वारली, आज दुपारी माती आहे. मी माळ ओवत होते, अश्विनी बाटल्यांत तेल भरत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणलं, ‘अश्विनी, सिस्टर गेली. जाऊन येऊ या का मातीला? दुपारपर्यंत पोचू.’

तिनं तेलाची धार थांबवली नाही. ‘तुमी जा. मी न्हाई येनार.’

‘अगं, तुझ्यासाठी किती...’

‘काय किती?’ ती भडकलीच. ‘साऱ्या गावाला शहानपन शिकवायची. तारीख सांगा, फडकी उन्हात घाला. आन् माझ्या वक्ताला फोन बंद करून बसली! तिनंच सांगितलं मला, पलंगापाशी बसून. म्हनली, तुझ्या जावेनं किती वेळा लावला, माझाच बंद होता, चूक माझी हाय, तिला कधी काय विचारू नको, ती आधीच रडतीय. तुमी एकट्या हुतात ताई माझ्या बाजूनं. तुमी व्हता म्हनून मी या घरात नांदले, न्हाईतर हिरीत जीव दिला असता. पन तिला म्या माफ न्हाई करनार. मेली तरी न्हाई.’

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. म्हणजे पाणी आणायला मला बाहेर पाठवलं ते ह्याच्यासाठी. तिनं मला वाचवलं नव्हतं, एवढं मला कळतं. माझ्यासाठी ती कशाला खोटं बोलेल? तिला पाचच्या एसटीनं जायचं होतं आणि अश्विनीला याच घरात, माझ्या हातची भाकरी खाऊन जगायचं होतं. घरात एक तरी माणूस आपलं आहे असं त्या पोरीला वाटायला पाहिजे होतं. तेवढ्यासाठी तिनं दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मला त्या पोरीजवळ ठेवून गेली.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात गाडी थांबली, पाच-सात माणसं उतरली, अश्विनी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ‘या दादा, तेल घ्या, माळ घ्या’ करायला लागली. शनिवार होता. मी मातीला गेले नाही. सांगितलंही नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अश्विनी अजून अधूनमधून तिला शिव्या घालते, आणि मी शेजारी बसून ऐकून घेते.